न दुखणाऱ्या पायाची शुश्रूषा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

'शुश्रूषा' हा शब्द आता जुन्या कादंबऱ्यांत आणि रुग्णालयांच्या फलकांवर उरला आहे. बोलताना आपण 'सेवा' म्हणतो, नाहीतर सरळ 'नर्सिंग' म्हणून मोकळे होतो. पण शब्द मोठा अर्थाचा आहे. त्याच्या मुळाशी 'श्रु' हा धातू आहे, म्हणजे ऐकणं. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. जवळ बसून ऐकता ऐकता सेवेचा अर्थ त्याला येऊन मिळाला. आमच्या घरातल्या उर्दूत यालाच 'तीमारदारी' म्हणतात. फारसीतल्या 'तीमार'मध्ये काळजीही आहे आणि दुःखही. आज मला ज्या दुखण्याविषयी बोलायचं आहे, त्याची पंचाईत अशी, की त्यात ऐकायला काहीच येत नाही. दुखणारा अवयव गप्प असतो. तिथं परिचारिकेनं काय करायचं, आणि ते ठरवताना कोणत्या विचाराचा हात धरायचा, हा आजचा विषय.

मी कवी माणूस, मराठी घेऊन बी.ए. झालेला. मी या गावात कसा आलो ते सांगून टाकतो. माझी भाची एम.एस्सी. नर्सिंग करत होती. प्रबंधासाठी तिनं रुग्णांना विचारायची प्रश्नावली इंग्रजीत तयार केली होती. तिचं मराठी भाषांतर बरोबर आहे, असं भाषेच्या जाणकाराचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. "मामू, सही करा," म्हणून ती कागद घेऊन आली. 'सेल्फ केअर'ला तिनं 'स्वयंसेवा' असा शब्द योजला होता. मी म्हटलं, बेटा, स्वयंसेवा म्हटलं की माणूस हॉटेलात ताट हातात घेऊन रांगेत उभा राहतो. 'स्वतःची काळजी' लिही. तिच्या पाठोपाठ तिच्या मैत्रिणी येऊ लागल्या, आणि मग त्यांचे विद्यार्थी. बरेच प्रबंध अशा रीतीनं नजरेखालून गेले. सगळ्यांत एक पान सारखंच दिसायचं. चौकोन, त्यांना जोडणारे बाण, आणि खाली कोणातरी विदुषीचं नाव. हीच 'संकल्पनात्मक चौकट'. नर्सिंगचा एखादा सिद्धांत निवडून त्यावर अभ्यास बेतायचा, असा या विद्याशाखेचा रिवाज आहे. रिवाज चांगला आहे. मात्र पुष्कळदा प्रबंध आधी लिहून होतो आणि चौकट शेवटी शोधली जाते, लग्न ठरल्यावर पत्रिका जुळवावी तशी.

आता कोणी विचारेल, नर्सला सिद्धांत हवाच कशाला? इंजेक्शन द्यावं, ताप पाहावा, डॉक्टरांनी सांगितलं ते करावं. हा प्रश्न फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या काळीही होता. 1859 साली तिनं नर्सिंगवरच्या नोंदींचं जे लहानसं पुस्तक लिहिलं, ते मुळात घरोघरी आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या बायकांसाठी होतं. शुद्ध हवा, शुद्ध पाणी, निचरा, स्वच्छता आणि उजेड ही तिची पाच सूत्रं. रोग्याच्या खोलीबाहेर कुजबुजणाऱ्या माणसांचाही तिला भारी राग. रोग बरा करतो तो निसर्ग. परिचारिकेनं त्याला काम करता येईल अशी जागा रोग्याभोवती तयार करायची, हा तिचा विचार. आज आपण त्याला पर्यावरणाचा सिद्धांत म्हणतो. म्हणजे सिद्धांत ही काही आभाळातून पडलेली वस्तू नाही. 'माझं काम नेमकं काय, मी कशावर हात ठेवायचा?' या प्रश्नाला दिलेलं ते उत्तर आहे.

नाइटिंगेलनंतर जवळजवळ शंभर वर्षं या उत्तरात फारशी भर पडली नाही. मग 1952 साली हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेनं सांगितलं, की परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हेच उपचाराचं साधन आहे. त्या नात्याच्या तिनं चार अवस्था मांडल्या. त्यांतल्या एकीचं इंग्रजी नाव शब्दकोशात पाहून जसंच्या तसं मराठीत आणलं, तर 'शोषण' असं होतं! तिच्या मनात होतं ते एवढंच, की मिळणाऱ्या मदतीचा रुग्णानं पुरेपूर उपयोग करून घ्यावा. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत मात्र सिद्धांतांचा पूर आला. व्हर्जिनिया हेंडरसननं माणसाच्या 14 मूलभूत गरजा सांगितल्या. सिस्टर कॅलिस्टा रॉय या जोगिणीनं आजाऱ्या मुलांच्या वॉर्डात काम करताना मुलं किती चटकन परिस्थितीशी जुळवून घेतात ते पाहिलं आणि त्यातून 1970 साली 'अनुकूलना'ची मांडणी पुढं आणली. डोरोथिया ओरेमनं 1971 च्या पुस्तकात 'स्वतःच्या काळजीतली तूट' हा विचार मांडला. मॅडलिन लाइनिंजर न्यू गिनीतल्या आदिवासींत जाऊन राहिली आणि संस्कृतीचा प्रश्न घेऊन परत आली. कॅथरिन कोल्काबा विस्मरणाच्या रुग्णांचा वॉर्ड सांभाळत होती. 'आराम म्हणजे नेमकं काय?' या एका प्रश्नावर तिनं सिद्धांत उभा केला.

इतक्या जणींतून एक निवडायची म्हणजे विद्यार्थिनी गांगरणारच. पुस्तकात कोष्टक असतं. हा सिद्धांत व्यापक, तो मध्यम पल्ल्याचा, तो विशिष्ट परिस्थितीपुरता. व्यापक म्हणजे माणूस, आरोग्य, परिसर सगळ्यांना कवेत घेणारा. मध्यम पल्ल्याचा म्हणजे वेदना, अनिश्चितता, आराम असा एकच धागा धरणारा. माहिती खरी आहे, पण कोष्टक पाहून निवड होत नाही. कवितेत आम्ही काय करतो? गझल लिहायची की ओवी, हे आधी ठरवून बसणाऱ्याच्या हाती बहुधा दोन्ही लागत नाहीत. मजकूरच आपला घाट मागतो. तेव्हा आधी रोग्याकडं पाहू.

समजा, एक गृहस्थ आहेत. वय 58, तीन एकर कोरडवाहू शेती, मधुमेह बारा वर्षांचा. शेतातून येताना चपलेत खडा गेला. दिवसभर तो खडा पायाखाली होता आणि त्यांना कळलं नाही. रात्री मोठ्या सुनेनं फरशीवर रक्ताचा ठसा पाहिला. पुढं जखम चिघळली, उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. कित्येक आठवडे ड्रेसिंग चाललं. आता जखम भरली आहे, शेवटची पट्टी निघाली आहे. उद्या काका घरी जाणार. असे काका आपल्याकडं थोडे नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानं झालेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2023 साली आला. त्यात देशात मधुमेहाची 10 कोटी 10 लाख माणसं असल्याचा अंदाज दिला आहे. आणि 2017 साली एका जगविख्यात वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार, पायाची अशी जखम भरलेल्या 100 जणांतल्या सुमारे 40 जणांना वर्षाच्या आत पुन्हा जखम होते. म्हणजे काका बरे होऊन घरी चाललेत असं म्हणणं अर्धंच खरं. खरी काळजी उद्यापासून सुरू होणार, आणि तेव्हा सिस्टर जवळ नसणार.

या दुखण्याचं मर्म समजून घ्यायला हवं, कारण निवड त्यावरच ठरते. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पायाच्या नसा मरगळतात. तळव्याची संवेदना जाते. दवाखान्यात ती तपासायला मोनोफिलामेंट म्हणून नायलॉनचा एक ताठ धागा असतो. 10 ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. डोळे मिटून बसलेल्या रुग्णाच्या तळव्याला तो टेकवतात आणि विचारतात, कळलं का? ज्याला कळत नाही, त्याच्या पायाचा राखणदार गेला असं समजावं. वेदना म्हणजे आपल्याला नकोशी वाटणारी गोष्ट. पण ती दारातला राखणदार आहे. खडा टोचला, ती ओरडते. पाणी कढत असलं, ती ओरडते. नवी चप्पल चावली, ती ओरडते. राखणदार गेलेल्या घरात चोर निवांत शिरतो. 'दुखत नाही ना, मग ठीक आहे' हे आपल्याकडचं नेहमीचं वाक्य या पायाच्या बाबतीत अगदी उलटं आहे.

आता हे ध्यानात ठेवून सिद्धांतांकडं पाहा. काही आपोआप मागं सरतात. कोल्काबाचा आरामाचा सिद्धांत घ्या. मला स्वतःला तो फार आवडतो. तिनं आरामाचे तीन प्रकार केले. एखादी पीडा शमली की मिळतो तो सुटकेचा आराम, मनाची स्वस्थता हा दुसरा, आणि दुःख असूनही त्याच्या वर उठणं हा तिसरा. हे प्रकार ती शरीर, मन, परिसर आणि माणसं अशा चार अंगांनी तपासते. मरणाच्या दारातल्या रुग्णासाठी, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्रीसाठी यासारखी दुसरी चौकट नसेल. पण आमच्या काकांना आराम आहे, तोही नको इतका! आरामाचं मोजमाप केलं तर त्यांना पैकीच्या पैकी गुण पडतील, आणि तळव्याखाली फोड वाढत असेल.

आयडा जीन ओर्लांडोचंही तसंच. 1961 साली तिनं सांगितलं, की रुग्णाच्या वागण्याबोलण्यातून त्याची तातडीची गरज ओळखावी, आपला तर्क त्यालाच विचारून पडताळावा आणि मग मदत करावी. आपत्कालीन कक्षात हे सोन्यासारखं आहे. पण त्याची सुरुवात रुग्णाच्या अस्वस्थतेपासून होते. अस्वस्थताच नसेल तर? रुग्णाच्या तक्रारीपाशी सुरू होणारी कुठलीही चौकट इथं लंगडी पडते. दोष त्या चौकटीचा नाही, तिला आपण भलत्या दारात उभी करतो आहोत.

आणखी एक चूक सहज होते. काकांचं सगळं दुःख एकाच वेळी कवेत घ्यायचा मोह होतो. करंगळी गेली म्हणून ते चारचौघांत पाय आखडून बसतात, पारावर जात नाहीत, 'आता मी कसला घरचा कर्ता' म्हणतात. हाही खराच प्रश्न आहे. त्यासाठी रॉय उत्तम आहे. शरीर, स्वतःविषयीची प्रतिमा, कुटुंबातली भूमिका आणि परस्परांचा आधार या चार अंगांनी माणूस बदलाशी कसा जुळवून घेतो, हे ती पाहते. 'पुन्हा जखम झाली तर पायच जाईल का?' या धास्तीनं ज्याची झोप उडाली असेल, त्याच्यासाठी मर्ल मिशेलचा 1988 चा आजारातल्या अनिश्चिततेचा सिद्धांत आहे. रुग्णालयातून घरी जाण्याच्या उंबरठ्यावर माणूस कसा हेलपाटतो हे पाहायचं असेल, तर अफाफ मेलिसची स्थित्यंतराची मांडणी आहे. ही बाई मूळची इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची. आपलं गाव सोडून दुसरीकडं जाणं म्हणजे काय, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नसणार, असं मला उगाचच वाटतं.

म्हणजे रुग्ण एकच, पण प्रश्न बदलला की सिद्धांत बदलतो. म्हणूनच माझ्याकडं येणाऱ्या मुलींना मी एक साधं काम सांगतो. कुठल्याही विदुषीचं नाव न घेता, घरच्या मराठीत एका वाक्यात लिहा, की तुम्हाला काय घडायला हवं आहे. 'मधुमेही रुग्णांमधील पादकाळजीविषयक ज्ञान व वृत्ती' असलं काही नको. 'काकांच्या पायाला वर्षभर नवी जखम होऊ नये, आणि झालीच तर ती त्याच दिवशी कुणाच्या तरी नजरेला पडावी.' हे वाक्य लिहिलं की अर्धं काम झालं. या वाक्यात करणारा कोण? सिस्टर नाही, डॉक्टर नाही. काका आणि त्यांच्या घरचे. काय करायचं? रोज करायचं, न दुखता करायचं, कुणी आठवण न देता करायचं. इथं ओरेम येऊन उभी राहते.

ओरेमचं म्हणणं थोडक्यात असं. माणूस एरवी स्वतःची काळजी स्वतः घेतो. श्वास, अन्न, पाणी, विसावा, माणसांत असणं आणि एकटं असणं या गरजा सगळ्यांच्याच. वयागणिक त्यात भर पडते. आजार आला की तिसऱ्या प्रकारच्या नव्या गरजा निर्माण होतात. जी काळजी घ्यायला हवी आणि जी घेण्याची माणसाची ताकद आहे, त्यांत अंतर पडलं की तूट आली. परिचारिकेची गरज त्या तुटीपुरती. ती भरण्याचे तीन मार्ग. रुग्णाला काहीच जमत नसेल तर सगळं आपण करायचं; थोडं जमत असेल तर वाटून घ्यायचं; आणि सगळं जमण्यासारखं असेल, फक्त शिकायचं असेल, तर शिकवायचं आणि पाठीशी उभं राहायचं.

ऐकायला हे सोपं, जमाखर्चासारखं वाटतं. त्याची खरी कसोटी लागते ती तूट शोधताना. पुष्कळ ठिकाणी काय होतं, की 'रुग्णाला माहिती नाही' हे गृहीत धरून एक रंगीत पुस्तिका हातात देतात. आधी 20 प्रश्न विचारतात, नंतर तेच 20 प्रश्न विचारतात, गुण वाढले की अभ्यास यशस्वी. ज्ञान वाढलं, पाय आपला तसाच! ओरेम खरोखर वापरायची तर विचारावं लागतं, की तूट नेमकी कशाची आहे. हेंडरसननं बळ, इच्छा आणि ज्ञान अशा तीन गोष्टी वेगळ्या काढल्या होत्या, त्या इथं कामाला येतात.

रोज तळवा पाहा, असं सांगितलं. काकांना ते ठाऊक झालं. पण पोट सुटलेलं, गुडघे धरलेले, तळवा डोळ्यांसमोर येईल कसा? शिवाय मधुमेहानं नजरही मंदावलेली. ही तूट बळाची आहे. इथं पुस्तिका कितीही सुंदर छापली तरी उपयोग नाही. जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरायला शिकवावं लागेल, आणि नजर साथ देत नसेल तर काकूंनी पाहायचं. म्हणजे हे काम वाटून घेण्याच्या मार्गात गेलं. नखं सरळ रेषेत कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. ते मुलानं करायचं. पाय धुवायचं पाणी कोमट हवं. ते काकांनी पायानं जोखायचं नाही, कोपरानं, किंवा काकूंनी हातानं. धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. कोरड्या टाचेला तेल चालेल, बेचक्यांत नाही. चप्पल घालण्याआधी उलटी करून झटकायची. यांतलं झटकणं काका स्वतः करू शकतात. ते त्यांनीच करावं. जे जमतं ते रुग्णाच्या हातातून काढून न घेणं, हाही ओरेमच्या विचाराचाच भाग आहे. आपल्याकडची मायाळू कुटुंबं तिथं चुकतात.

ओरेमवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. तिचा माणूस एकटा उभा राहून स्वतःचं पाहणारा आहे. आपल्याकडं घरातलं दुखणं एकट्याचं नसतं. काकांच्या पायावर नजर ठेवणार सून, तिला दिवसभराची कामं, शिवाय सासऱ्याच्या पायाला हात लावून तळवा न्याहाळायचा संकोच. ओरेमच्या मांडणीत दुसऱ्यासाठी काळजी घेणाऱ्याला स्वतंत्र जागा आहे, पण विद्यार्थिनींच्या चित्रात तो चौकोन हमखास गाळलेला असतो. तो गाळला तर आपल्या घरांत ही चौकट टिकणार नाही.

अलीकडं याच वाटेवर आणखी एक मांडणी आली आहे. बार्बरा रीगल आणि तिच्या दोन सहकारिणींनी 2012 साली दीर्घ आजारातल्या स्वतःच्या काळजीचे तीन टप्पे सांगितले. नेम राखणं, लक्ष ठेवणं, आणि काही बिघडलं तर पाऊल उचलणं. हा मध्यम पल्ल्याचा सिद्धांत आहे. मला विचाराल तर आपल्या काकांच्या वाक्याला तो ओरेमपेक्षाही नेमका बसतो, कारण 'लक्ष ठेवणं' त्यात वेगळं काढलेलं आहे. गोळी घेणं म्हणजे नेम राखणं. तळवा पाहणं म्हणजे लक्ष ठेवणं. लाली किंवा फोड दिसला तर आठवडी बाजाराची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठणं म्हणजे पाऊल उचलणं. यांतलं पहिलं करणारे पुष्कळ भेटतात, दुसरं करणारे विरळा. राखणदार गेलेल्या पायाचा सगळा खेळ या दुसऱ्यावर आहे.

एवढं करूनही काका अनवाणी चालतील. का? इथं लाइनिंजरला बोलवावं लागतं. अनवाणी चालणं हे आपल्याकडं अज्ञान नाही. ती अदब आहे. देवळात अनवाणी, दर्ग्यात अनवाणी, स्वयंपाकघरात अनवाणी. आणि काका वारकरी असतील तर? आळंदी ते पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर. बरेच जण चपला घालून चालतात, पण अनवाणी चालण्याचा नवस बोललेलेही असतात. त्यांना 'अनवाणी चालू नका' असं छापील वाक्य देणं म्हणजे 'नवस मोडा' म्हणण्यासारखं आहे. ते मान हलवतील आणि आषाढात निघतील.

लाइनिंजर म्हणते, की परिचारिकेपुढं तीन वाटा असतात. काही रूढी जशाच्या तशा राखाव्यात, काहींत तडजोड शोधावी, काही मात्र रुग्णाला सोबत घेऊन बदलाव्यात. घरी रोज निजण्यापूर्वी पाय धुण्याची पद्धत राखावी. तळवा पाहायची तीच उत्तम वेळ. वारीबाबत तडजोड. भरलेली जखम कोवळी असते, तेव्हा या वर्षी चालायचं की नाही हे डॉक्टरांनी सांगावं. पुढं कधी परवानगी मिळाली तरी शेवटचा टप्पा, पायात मऊ तळाची चप्पल, मुक्कामाला तळवा तपासणारा सोबती. यावर फडप्रमुखांचा शब्द सिस्टरपेक्षा जास्त चालेल, तर त्यांनाच सामील करून घ्यावं. आमच्याकडच्या नमाजी बुजुर्गांचा प्रश्न निराळा. दिवसातून पाच वेळा वजू, म्हणजे पाच वेळा पाय ओले आणि बेचक्या कायम दमट. वजू कमी करा, असं कुठली सिस्टर सांगणार? पण वजूच्या जागी पायांसाठी वेगळा कोरडा पंचा टांगता येतो. चामड्याचे मोजे घातले असतील तर मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र त्यांच्यावरून ओला हात फिरवण्याची, म्हणजे मसहची, सवलत शरियतनं दिलेली आहे. कापडी मोज्यांबाबत आलिमांत मतभेद आहेत, तेव्हा ते मोहल्ल्यातल्या मौलवींना विचारावं. सवलत घरातच होती, कुणी आठवण करून द्यायची होती.

आणि तिसरी वाट, बदलण्याची. कुरूप झालं, काटा मोडला की बिब्याचा चटका देणं, ब्लेडनं कुरूप तासणं, मुंग्या येतात म्हणून गरम विटेनं शेकणं. संवेदना असलेल्या पायाला हे सोसतं, कारण फार झालं की माणूस ओरडतो. या पायाला नाही. इथं तडजोड नाही. पण ती बंदी घालतानाही 'तुमच्या आजीचं औषध वाईट' म्हणायची गरज नाही. 'आजीच्या रोग्याला दुखत होतं, तुम्हाला दुखत नाही,' एवढा फरक सांगितला की पुरतं.

आता प्रश्न येतो, दोन सिद्धांत एकत्र वापरावेत का? वापरावेत, पण ते एकमेकांकडं पाठ करून उभे नसावेत. ओरेमचा माणूस विचारपूर्वक कृती करणारा आहे, रॉयचा माणूस आलेल्या बदलाला प्रतिसाद देणारा आहे. दोघांचे चौकोन एका चित्रात बाणांनी जोडले की चित्र भरगच्च दिसतं, पण मधल्या बाणाचा अर्थ विचारला की मुली माझ्याकडं पाहतात आणि मी छताकडं. ओरेम आणि लाइनिंजर मात्र बरोबर नांदू शकतात. एकीकडून काय करायचं ते घ्यावं, दुसरीकडून आपल्या माणसांत ते कसं रुजवायचं ते.

भीतीची गोष्टही सांगायलाच हवी. पायाच्या काळजीच्या पुस्तिकांत काळ्या पडलेल्या पायांची चित्रं असतात. आणि त्याच प्रबंधात चौकट असते नोला पेंडरची. पेंडरनं 1982 साली आरोग्यसंवर्धनाची जी मांडणी केली, तिचं वैशिष्ट्यच हे, की तिनं भीतीला प्रेरणा म्हणून जागा दिली नाही. फायदा दिसणं, अडचणी ओळखणं, 'मला जमेल' हा विश्वास वाढणं यांवर तिचा भर आहे. कापलेल्या पायाचं चित्र दाखवायचं असेल तर पेंडरचं नाव घेऊ नये. धोक्याच्या जाणिवेवर उभी असलेली आरोग्य-श्रद्धेची चौकट आहे, ती 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्य खात्यातल्या मानसशास्त्रज्ञांनी बांधली; ती खुशाल घ्यावी. माझं मत विचाराल तर भीती चार दिवस टिकते आणि पायाची काळजी जन्मभराची आहे.

चौकट खरोखर वापरली आहे की नुसती टांगली आहे, हे ओळखायची एक युक्ती मी मुलींना सांगतो. प्रबंधातलं विदुषीचं नाव कागदानं झाका आणि तिथं दुसरीचं नाव घाला. मजकुरातलं एकही वाक्य बदलावं लागलं नाही, तर पहिलीही तिथं नव्हती. ओरेम असेल तर काकांच्या कामांची वाटणी दिसली पाहिजे, लाइनिंजर असेल तर नवस आणि पंचा दिसला पाहिजे, आयमोजीन किंग असेल तर सिस्टर आणि काकांनी मिळून ठरवलेलं ध्येय दिसलं पाहिजे. आणि ते ध्येय काकांचंही असलं पाहिजे. 'साखर अमुक इतकी' हे सिस्टरचं ध्येय; 'पुढल्या वर्षी माउलीबरोबर थोडं तरी चालायचं' हे काकांचं. पायात चप्पल टिकते ती बहुधा दुसऱ्यामुळं.

वॉर्डातल्या सिस्टरला हे सगळं करायला वेळ कुठला, असं तुम्ही म्हणाल. रास्त आहे. एका पाळीत इतके रुग्ण, इतकी इंजेक्शनं, इतकी रजिस्टरं. पण नेमकी चौकट तिचा वेळ वाचवते. वीस सूचनांची पुस्तिका वाचून दाखवण्याऐवजी ती तीनच प्रश्न विचारते. तळवा कोण पाहणार? आरसा आहे का? फोड दिसला तर दवाखान्यात कोण आणणार? ही तीन उत्तरं केसपेपरवर लिहिली की पुढच्या पाळीच्या सिस्टरलाही तीच वाट सापडते.

ज्याच्या पायाला एकदा जखम झाली आहे, त्याचा पाय दर 1 ते 3 महिन्यांनी तपासावा, असं मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचं सांगणं आहे. काका त्या दिवशी येतील तेव्हा प्रश्नावली बाजूला ठेवावी. आधी दोन्ही पाय स्टुलावर घ्यावेत. बेचक्या उघडून पाहाव्यात, टाचेच्या भेगा पाहाव्यात, करंगळीच्या जागेवर बोट फिरवावं. मग चप्पल हातात घ्यावी, तळ उलटा करून पाहावा, आत हात घालून खडा, खिळा चाचपावा. आरसा घरात कुठं ठेवलाय ते काकांना विचारावं. आणि शेजारी बसलेल्या काकूंना विचारावं, "काल रात्री पाय कुणी पाहिला?"